स्थानिक पुढाऱ्याच्या मागे कोण उभे असते? शिष्य घडवणाऱ्या चळवळींतील कोचिंगविषयी

कोचिंग हा शब्द ऐकला की ठाण्यातल्या वाचकाच्या डोळ्यांसमोर आधी क्लासची पाटी येते. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींपासून घोडबंदर रोडच्या नव्या संकुलांपर्यंत आणि खाडीपलीकडे ऐरोली-वाशीपर्यंत अशा पाट्या जागोजागी आहेत, आणि आत काय चालते हेही आपल्याला ठाऊक असते: सर फळ्यावर गणित सोडवून दाखवतात, मुले ते वहीत उतरवतात आणि परीक्षेत तसेच गणित येईल अशी आशा धरतात. घराघरांतून वाढत जाणाऱ्या छोट्या ख्रिस्ती गटांच्या संदर्भात हाच शब्द अलीकडे वरचेवर कानावर येतो, आणि त्यामुळे एक गैरसमज हमखास होतो. स्थानिक पुढाऱ्याचा कोच म्हणजे त्याला उत्तरे पुरवणारा, त्याच्यावर देखरेख ठेवणारा किंवा त्याचा वरिष्ठ, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात या कामातला कोच गणित सोडवत नाही. तो पुढाऱ्याला गणितासमोर बसवतो आणि उत्तर निघेपर्यंत त्याच्या शेजारी बसून राहतो.

त्यापेक्षा जवळचे उदाहरण शिवाजी पार्कचे आहे. रमाकांत आचरेकर सर लहानग्या सचिन तेंडुलकरला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत, आणि सरावाच्या शेवटी यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज त्याला बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर ते सचिनचे. मुलगा दमलेला असतानाही एकाग्र राहावा अशी परिस्थिती सरांनी रचली, पण चेंडूला सामोरे त्या मुलालाच जावे लागले. पुढाऱ्यांच्या कोचिंगमध्ये नेमके हेच घडवून आणायचे असते, आणि ते दिसते त्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

आता चळवळ म्हणजे काय ते पाहू, कारण त्याशिवाय कोच कशासाठी लागतो हे कळणार नाही.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटी येशूने आपल्या अनुयायांना जी आज्ञा दिली आहे, तिच्यात लोकांना शिष्य करा असे म्हटले आहे आणि मी जे सांगितले ते पाळायला त्यांना शिकवा असेही म्हटले आहे. ‘पाळायला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ माहिती देणे तिथे अभिप्रेत नाही. शिष्य घडवणाऱ्या चळवळी या एका शब्दावर उभ्या आहेत असे म्हटले तरी चालेल. त्यांची रीत साधी असते: पाच-दहा माणसे एखाद्या घरात आठवड्यातून एकदा जमतात, पवित्र शास्त्रातला एक उतारा वाचतात किंवा मोबाइलवर ऐकतात, तो आपापल्या शब्दांत पुन्हा सांगतात आणि ठरावीक प्रश्नांवर बोलतात. या उताऱ्यातून देवाविषयी काय कळते? माणसाविषयी काय कळते? हे खरे असेल तर या आठवड्यात मी काय करीन? आणि हे मी कोणाला सांगीन? पुढच्या आठवड्यात पहिला विषय असतो तो मागच्या आठवड्यात ठरवलेल्या गोष्टींचे काय झाले हा. प्रश्न सोपे आणि तेच ते असल्यामुळे ज्याला वाचता येत नाही असा माणूसही थोड्याच दिवसांत गट चालवू शकतो. त्यातला एखादा आपल्या भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी दुसरा गट सुरू करतो, त्यातून तिसरा निघतो.

यालाच या क्षेत्रात पिढ्या म्हणतात. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एकाच वाक्यात अशा चार पिढ्या आल्या आहेत: स्वतः पौल, त्याच्याकडून ऐकलेला तीमथ्य, तीमथ्याने ज्यांच्यावर ते सोपवावे अशी विश्वासू माणसे, आणि ती माणसे ज्यांना शिकवतील ते इतर. एकापेक्षा अधिक शाखांमध्ये गट सातत्याने चौथ्या पिढीपर्यंत पोहोचले, तरच साधारणपणे त्याला चळवळ म्हणण्याचा प्रघात आहे. पहिल्या पिढीत शंभर गट असले तरी ती चळवळ नव्हे. ते एका उत्साही माणसाचे काम असते.

या विचाराची आजची मांडणी १९९० च्या दशकात, उत्तर भारतातल्या भोजपुरी भाषकांमध्ये मिशनरी डेव्हिड वॉटसन यांनी केलेल्या कामासारख्या अनुभवांतून पुढे आली आणि मिशन-अभ्यासक डेव्हिड गॅरिसन यांच्या लेखनातून जगभर पसरली. मूळ कल्पना मात्र जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन आणि अमेरिकेत रुफस अँडरसन या दोघा मिशन-कार्यवाहांनी स्वतंत्रपणे असे मांडले होते की, स्थानिक मंडळीने, म्हणजे चर्चने, स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, कारभार स्वतः पाहावा आणि प्रसारही स्वतः करावा, आणि तसे झाले की मिशनऱ्याने तिथून निघावे. अँडरसन परदेशी मिशन चालवणाऱ्या ज्या अमेरिकन बोर्डाचे कार्यवाह होते, त्याच बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले होते आणि त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. म्हणजे हा वाद महाराष्ट्राला परका नाही. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यामागेही आपल्या मातीत, आपल्या रीतीने, आपल्या हिमतीवर उभ्या राहणाऱ्या शिष्यसमुदायाची तळमळ होती. त्यांना त्यानंतर अवघी दोन वर्षे मिळाली. मे १९१९ मध्ये ते गेले. त्यांची भजने मात्र मराठी मंडळ्यांमध्ये आजही गायिली जातात. जे लोकांच्या तोंडी बसले ते टिकले, ही गोष्ट कोचने लक्षात ठेवण्यासारखी आहे असे मला वाटते.

मग अशा चळवळीत कोच कशासाठी? कारण सरळ आहे. गट ज्या वेगाने वाढतात त्या वेगाने प्रशिक्षित पाळक तयार होत नाहीत. गट चालवणारा माणूस रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करतो, किंवा तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटे चारला माल उतरवतो, किंवा चार घरची धुणीभांडी करून दुपारी दोन ते चार या वेळात बायकांचा गट घेतो. त्याने सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारे विद्यालय, पाहिलेली नाही आणि तिथे जायला त्याला सवडही नाही. या चळवळींवर जी टीका होते ती इथेच येऊन थांबते: नवख्या माणसांच्या हाती पुढारपण दिले जाते, शिकवण उथळ राहते, आकडे फुगतात. ही टीका मी उडवून लावणार नाही, कारण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पौलानेच पुढारी नवशिका नसावा असे बजावले आहे. पण त्याच पौलाने पहिल्या प्रवासात लुस्त्र, इकुन्या आणि पिसिदियातील अंत्युखिया या गावांत परत फिरून, काही काळापूर्वीच विश्वासात आलेल्या मंडळ्यांमध्ये वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी वाहणारे पुढारी, नेमले आणि पुढे गेला. आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला थोडक्या दिवसांत सोडून जावे लागले तेव्हा तिची चौकशी करायला त्याने तीमथ्याला पाठवले, मग पत्र लिहिले, मग आणखी एक लिहिले. म्हणजे जबाबदारी लवकर दिली, पण माणूस एकटा सोडला नाही. या दोन टोकांमधली जी जागा आहे, तिचेच नाव कोचिंग. टीकाकारांना द्यायचे उत्तरही तेच आहे: वेग वाईट नाही, वेगाबरोबर सोबत नसणे वाईट.

ठाणे आणि नवी मुंबईत ही गरज आणखी एका साध्या कारणाने वाढते, आणि ते कारण म्हणजे अकरा महिन्यांचा भाडेकरार. ज्या घरात गट जमतो ते बहुधा भाड्याचे असते. करार संपला, मालकाने भाडे वाढवले, की कुटुंब कळव्याहून दिव्याला जाते, दिव्याहून कळंबोलीला जाते. गट जर त्या एका कुटुंबावरच उभा असेल तर तो सामानाच्या टेम्पोबरोबर संपतो. पण त्या अकरा महिन्यांत गटातल्या आणखी दोघा-तिघांना तो चालवायची सवय झाली असेल, तर मागचा गट चालू राहतो आणि गेलेले कुटुंब नव्या वस्तीत दुसरा सुरू करू शकते. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्या मृत्यूनंतर छळामुळे पांगलेले विश्वासी सूरियातल्या अंत्युखियापर्यंत पोहोचले आणि तिथे मंडळी उभी राहिली, असे नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत सांगितले आहे. आपल्याकडे छळाऐवजी घरभाडे माणसांना पांगवते, इतकाच फरक. म्हणून मी नव्या पुढाऱ्याला तिसऱ्या महिन्यातच विचारतो, “तुमचा करार कधी संपतो? आणि तुम्ही गेलात तर हा गट कोण चालवील?” दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण गप्प होतात. त्या गप्पपणातून पुढच्या सहा महिन्यांचे काम ठरते.

कोच आणि पुढारी यांची भेट कशी असते, हे आता थोडे सविस्तर सांगतो. साधारण पंधरा दिवसांतून एकदा, तासभर, पाळी आणि लोकलचे वेळापत्रक पाहून जिथे जमेल तिथे दोघे किंवा तिघे भेटतात. सुरुवात प्रार्थनेने आणि कशाबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटतात या प्रश्नाने होते. ही औपचारिकता नव्हे. दमलेला पुढारी फक्त अडचणी पाहू लागतो, आणि आभार मानताना त्याला स्वतःच्याच कामातली एखादी गोष्ट नव्याने दिसते. मग त्याच्या घरची विचारपूस होते, आणि ती मनापासून व्हावी लागते. बायको आजारी आहे की नाही, मुलाची फी भरली की नाही, रात्रपाळीमुळे झोप मिळते की नाही, हे ज्याने कधी विचारले नाही त्याने गटांविषयी विचारू नये. त्यानंतर मागच्या भेटीत काय ठरले होते आणि त्याचे काय झाले, यावर बोलणे होते. पुढे सध्याचा एखादा प्रश्न घेतला जातो, त्यावर शास्त्रात काय सापडते ते दोघे मिळून पाहतात, आणि शेवटी पुढारी स्वतःच्या तोंडाने सांगतो की पुढच्या पंधरा दिवसांत तो काय करणार, केव्हा करणार आणि कोणाला बरोबर घेऊन करणार.

व्यवस्थापनाच्या जगात जॉन व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली ध्येय, सद्यस्थिती, पर्याय आणि निश्चय ही चार पायऱ्यांची पद्धत अनेकांना माहीत असेल. वरची रचना तिच्याशी मिळतीजुळती दिसते, पण एक मोठा फरक आहे. तिथे ध्येय माणूस स्वतः निवडतो. इथे आज्ञा आधीच दिलेली आहे, आणि ती आपल्या वस्तीत, आपल्या घरात कशी पाळायची एवढेच शोधायचे असते. त्यामुळे कोच आणि पुढारी हे दोघेही एकाच ग्रंथापुढे विद्यार्थी असतात, आणि कोचचा शब्द शेवटचा नसतो.

सगळे कसब प्रश्नांत आहे. “तुम्ही त्यांना माफ करायला नको का?” हा प्रश्न नाही, तो प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला आहे. समोरच्याला तो लगेच कळतो आणि तो होकार देऊन मोकळा होतो. “त्या दिवशी नेमके काय झाले?”, “गटातल्या बाकीच्यांना काय वाटते?”, “याआधी असा प्रसंग आला तेव्हा तुम्ही काय केले होते?”, “यावर सगळ्यांनी मिळून कोणता उतारा वाचावा असे वाटते?” हे प्रश्न आहेत. ते विचारल्यावर थांबावे लागते. आपल्याकडे वयाने मोठ्या किंवा शिकलेल्या माणसासमोर लोक उत्तर देण्याऐवजी “तुम्हीच सांगा ना, ब्रदर” म्हणतात, आणि त्या वेळी बोलून जाण्याचा मोह प्रचंड असतो. आदरापोटी मागितलेले उत्तर नाकारणे उद्धटपणाचे वाटते. तरीही मी अशा वेळी इतकेच म्हणतो, “सांगीन, पण आधी तुमचे ऐकतो.” दहापैकी आठ वेळा माझे सांगायची वेळच येत नाही.

हे मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका गटात दोन कुटुंबांमध्ये उसन्या पैशांवरून भांडण झाले. पुढाऱ्याने रात्री फोन केला, मी सगळे ऐकून घेतले आणि पाचच मिनिटांत निवाडा सांगितला: कोणी किती परत करायचे, कोणी कोणाची क्षमा मागायची. निवाडा वाईट नव्हता आणि तो अमलातही आला. पण त्यानंतर दीड वर्ष त्या गटातली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट माझ्याकडे येऊ लागली. नाताळचा कार्यक्रम कोणाच्या घरी करायचा इथपर्यंत. त्या पुढाऱ्याला निर्णय घेता येत नव्हते असे नाही. मी एकदा त्याचा निर्णय घेतला आणि त्याच्या लोकांनी ते पाहिले. मग ते त्याला ओलांडून माझ्याकडे पाहू लागले. त्या गटातून दुसरा गट कधीच निघाला नाही, आणि याला मी जबाबदार आहे. करिंथच्या मंडळीतले भाऊ एकमेकांविरुद्ध न्यायालयात गेले तेव्हा पौलाने पत्रातून निवाडा दिला नाही. भावाभावांमध्ये न्याय करू शकेल असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असे विचारून त्याने ते प्रकरण त्यांच्याकडेच परत पाठवले. तो उतारा मी आधी अनेकदा वाचला होता. त्याचा कोचिंगशी काय संबंध आहे हे मला त्या दीड वर्षाने शिकवले.

मात्र त्याच पत्राच्या आधीच्या अध्यायात, मंडळीतल्या एका गंभीर लैंगिक अनाचाराबाबत, पौल प्रश्न विचारत बसलेला नाही. तिथे त्याने काय करायचे ते स्पष्ट सांगितले आहे. हा भेद कोचने पक्का ध्यानात ठेवावा. भांडण, वेळ, जागा, शिकवण्याची पद्धत, कोणाला जबाबदारी द्यावी, या सगळ्या गोष्टी पुढाऱ्याच्या आहेत. पण लहान मुलाला इजा, स्त्रीशी गैरवर्तन, घरातली मारहाण, पैशांची अफरातफर किंवा आजारी माणसाला औषध बंद करायला सांगणे, यांपैकी काहीही कानावर आले तर “तुम्हाला काय वाटते?” असे विचारणे हा गुन्ह्यात सहभाग आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मंडळीची बदनामी होईल, हे न कळवण्याचे कारण होऊ शकत नाही. पुढाऱ्यांच्या पहिल्या काही भेटींतच ही यादी त्यांना सांगून ठेवावी, म्हणजे प्रसंग आला की चर्चेला जागा राहत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी दोन गोष्टी. राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचे आणि धर्म पाळण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, आमिषाने किंवा दबावाने आलेला माणूस शिष्य होत नाही. म्हणून रेशन, फी, नोकरी, उपचार यांपैकी कशाचेही आश्वासन विश्वासाशी जोडले जात नाही ना, हे कोचने पुढाऱ्याला स्पष्ट विचारावे. बाप्तिस्म्याचा विचार करणाऱ्या अनुसूचित जातीतल्या माणसाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे त्याच्या सवलतींवर काय परिणाम होतो, तेही आधी प्रामाणिकपणे सांगितले गेले पाहिजे. ज्याला परिणाम ठाऊक नाहीत त्याचा निर्णय त्याचा म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट पैशांची. परदेशातून येणाऱ्या देणगीवर २०१० चा विदेशी अंशदान कायदा लागू आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्याकडे वर्ग करता येत नाही. पण माझा मुद्दा कायद्यापेक्षा वेगळा आहे. स्थानिक पुढाऱ्याला बाहेरून मानधन सुरू झाले की त्याच्या कामाची दिशा त्याच्याही नकळत बदलते. तो गटाकडे पाहण्याऐवजी अहवालाकडे पाहू लागतो, आणि त्याने घडवलेला पुढचा माणूस विचारतो, “मला कधी मिळणार?” तिथे तिसरी पिढी थांबते. गटाने आपल्या अर्पणातून कोणाला मदत करायची ते स्वतः ठरवावे, भले ते अर्पण महिन्याला पाचशे रुपयांचे का असेना, आणि वहीत त्याचा हिशेब दोघांनी मिळून लिहावा. पौलाने मिलेतात इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना आपल्या हातांकडे बोट दाखवून, माझ्या गरजा याच हातांनी भागवल्या असे सांगितले होते. तुर्भ्याच्या हमालाला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आकड्यांविषयीही असेच सावध राहावे लागते. कोच पुढाऱ्याला कागदावर गटांची वंशावळ काढायला सांगतो: प्रत्येक गटासाठी एक वर्तुळ, कोणापासून कोण निघाले ते दाखवणारी रेघ, आणि वर्तुळाशेजारी गट स्वतः शास्त्र वाचतो का, प्रार्थना करतो का, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस) घेतो का, आपले पुढारी त्याला आहेत का, याच्या खुणा. समजा एका कागदावर पहिल्या पिढीत ५ गट, दुसऱ्या पिढीत ११ आणि तिसऱ्या पिढीत १ आहे. एकूण १७, ऐकायला उत्तम. दुसऱ्या कागदावर २, ३ आणि ४ असे एकूण ९. मला दुसरा कागद अधिक निरोगी वाटतो. पहिल्यातल्या अकरा गटांमधून एकच नवा निघाला आहे, म्हणजे बहुधा मूळ पुढारी सोळा ठिकाणी स्वतः धावतो आहे आणि दुसऱ्या पिढीतली माणसे अजून श्रोते आहेत. अशा वेळी कोचने शाबासकी देण्याऐवजी विचारावे, “यांपैकी कोणत्या गटात तुम्ही गेल्या दोन महिन्यांत गेला नाहीत आणि तरी तो चालू आहे?” या कागदावर माणसांची नावे नसावीत, तो मोबाइलवर पुढे पाठवला जाऊ नये. ज्यांच्या घरी गट जमतो त्यांचा विश्वास त्यांनी कोणाला सांगायचा, हा त्यांचा प्रश्न आहे.

पुढाऱ्याला काय आणि किती मदत द्यायची, हे त्याच्या टप्प्यावर अवलंबून असते. या क्षेत्रात चार टप्पे मानतात: आधी करून दाखवणे, मग सोबत राहून करवून घेणे, मग बाजूला राहून पाहणे आणि शेवटी निघून जाणे. पहिले दोन टप्पे सगळ्यांना आवडतात. पहिला तर कधी कधी एका-दोन भेटींतच आटोपतो आणि तसाच आटोपावा, कारण कोचने गट फार सुंदर चालवून दाखवला की बाकीच्यांना आपल्याला असे जमणार नाही असे वाटू लागते. तिसरा टप्पा सर्वांत लांब आणि सर्वांत कंटाळवाणा असतो, आणि खरी वाढ तिथेच होते. तार्ससला जाऊन बर्णबा या ज्येष्ठ सहकाऱ्याने शौलाला, म्हणजेच पुढच्या पौलाला, शोधून अंत्युखियाला आणले आणि वर्षभर दोघांनी मिळून शिकवले. प्रेषितांच्या कृत्यांत आधी ‘बर्णबा व शौल’ असा क्रम येतो. पुढे तो ‘पौल व बर्णबा’ असा बदलत जातो. आपले नाव मागे जाताना पाहण्याची तयारी नसलेल्या माणसाने या कामात पडू नये. याच बर्णबाने पुढे पौलाशी वाद ओढवून घेऊन, अर्ध्या वाटेवरून परत फिरलेल्या मार्काला पुन्हा संधी दिली, आणि आयुष्याच्या अखेरीस पौलालाही तोच मार्क सेवेसाठी उपयोगी असल्याचे लिहावे लागले. चुकलेल्या पुढाऱ्याला बाजूला सारायचे की पुन्हा उभे करायचे, हा प्रश्न ज्या कोचला पडतो त्याने हा प्रसंग पुनःपुन्हा वाचावा.

एका कोचने किती पुढाऱ्यांना वेळ द्यावा? मोशे एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्याय करत बसला होता, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो याने, तू दमशील आणि लोकही दमतील, म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा यांच्यावर नायक नेम, असे त्याला सुचवले. माझ्या अनुभवात, नोकरी सांभाळून पाच-सहा पुढाऱ्यांना नीट भेटता येते. सातवा घेण्याऐवजी त्या सहांपैकी कोणी कोच होऊ शकेल का, हे पाहावे.

स्त्रियांविषयी एक वेगळे वाक्य लिहिले पाहिजे. कोपरखैरणे-घणसोलीत दुपारचे गट चालवणाऱ्या बायकांना त्यांचे पुढारपण ‘पुढारपण’ म्हणून कोणी ओळखत नाही. अहवालात नाव नवऱ्याचे येते. अपुल्लोससारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन ज्या जोडप्याने अधिक नीट समजावून दिले, त्यात प्रिस्किल्लाचे नाव आधी आहे. अशा बायकांना कोच मिळावा आणि तो शक्यतो बाईच असावी. पुरुष कोचने एकट्या स्त्रीला बंद खोलीत भेटू नये, हा नियम दोघांच्याही रक्षणासाठी आहे.

जुन्या मंडळ्यांशी नाते हाही कोचने हाताळायचा विषय आहे. या परिसराला ख्रिस्ती विश्वास नवा नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले त्याला सातशे वर्षे होऊन गेली, आणि ईस्ट इंडियन समाजाची मराठी बोली, गाणी आणि सण इथे पोर्तुगीज काळापासून आहेत. नव्या गटातला एखादा पुढारी उत्साहाच्या भरात जुन्या चर्चना मृत म्हणू लागला, तर त्याला शांतपणे विचारावे की तुझ्या हातातले मराठी शास्त्र कोणी भाषांतरित केले, छापले आणि इतकी वर्षे जपले. दुसऱ्या मंडळीचे सभासद आपल्याकडे वळवून वाढलेला गट वाढलेला नसतो.

राहिले निघून जाणे. पौलाला ते एका अर्थी सोपे होते; जहाज निघाले की तो निघत असे. ठाण्यातला कोच कुठे जाणार? तो दोन स्थानकांच्या अंतरावर राहतो, त्याचा नंबर सगळ्यांकडे असतो, आणि ट्रान्स-हार्बरची गाडी अर्ध्या तासात त्याला परत आणते. म्हणून इथे निघणे ठरवून करावे लागते: आधी पंधरवड्याच्या भेटी महिन्यावर न्यायच्या, नव्या गटांच्या पुढाऱ्यांना आपला नंबर द्यायचाच नाही, वार्षिक मेळाव्यात बोलायला नकार देऊन मागच्या रांगेत बसायचे, आणि कोणी थेट फोन केलाच तर “तुमच्या ताईंशी बोललात का?” एवढेच विचारून फोन ठेवायचा. हे करताना मन तुटते, हे मी लपवणार नाही. मिलेतातही सगळे पौलाच्या गळ्यात पडून रडले होते. गेल्या पावसाळ्यापासून ऐरोलीकडच्या गटांचा कागद माझ्या कपाटात नाही. ज्या ताईंनी तो काढला त्यांच्याकडेच तो आहे, आणि त्यावर नवे वर्तुळ आले की नाही हे त्यांनी सांगितले तरच मला कळते.